सुभेदारांनी गावाचा चार्ज घेतला

बुधवार, भाऊबीज. ५ नोव्हेंबर १९७५

अंबूच्या, म्हणजे माझ्या सुनेच्या भावानं आज ओवाळणीत लुगडं घातलं आणि वर ही वही दिली. तिला वहीचा काय उपयोग, पोर दोन महिन्यांचं, मांडीवरून उतरत नाही. म्हणाली, आत्याबाई, तुमीच घ्या, तुमाला लिवायची हौस. हौस कसली, खोड म्हणायची. वाईला माहेरी दोन बुकं शिकले तेवढीच माझी शाळा. पण लग्न झालं, हे पलटणीत गेले आणि अठ्ठावीस वर्षं मी ह्यांना पत्रं लिहिली. म्हैस व्याली, लिही. भिंत खचली, लिही. आमचा सिद्धू पाऊल टाकाय लागला, लिही. उत्तर येईपर्यंत सिद्धू पळत असायचा. आता तो पलटणीत आणि हे सुभेदाराची पेन्शन घेऊन घरी, त्याला तीन वर्षं झाली. समोर बसलेल्या माणसाला पत्र लिहिता येत नाही आणि तोंडानं सांगावं तर नुसतं हूं म्हणतात. म्हणून ही वही.

पहाटे जाग आली की मी आधी ह्यांच्या बाजेकडं बघते. असतात. मग परत डोळा लागतो. आज डोळा लागला तर स्वप्नात कृष्णामाई आमच्या दारातनं वाहत होती आणि हे तिच्यात पाय सोडून चहा पीत होते. उठले तर खरंच चहा पीत होते, नदी तेवढी नव्हती. अंगणात धुकं, आणि धुक्याच्या वर उसाचे तुरे, खाली ऊस आहे हेच कळत नव्हतं. नातू टकामका बघत होता. मला इतकं बरं वाटलं की करंज्या तळताना दोन करपल्या.

मी ग्रामपंचायतीत बाई सभासद आहे हे लिहायचं राहिलं. एक बाई घ्यावी लागते म्हणून सरपंच नानासोंनी मला घेतली. अंगठा उठवील आणि गप बसेल असं त्यांना वाटलं होतं. मी सही करते, आणि गप बसत नाही. माझा विषय एकच, नदीच्या पाणवठ्यावर बायकांना अंघोळीला आडोसा पाहिजे, कंबरेवर भिंत पाहिजे. तीन वर्षं नानासो म्हणतात, वयनी, फुडच्या मीटिंगला घेऊ. नानासो माणूस वाईट नाही, पण सारखा इस्लामपूरला साखर कारखान्यावर असतो. गावात असला तरी मन कारखान्यावर असतं.

शुक्रवार

आज ह्यांनी दुपारी भाकरी अर्धीच खाल्ली. मारुतीच्या कट्ट्यावर पेन्शनीतली माणसं रेडिओ लावून बसतात. आमच्या गावात पेन्शनर बावीस आहेत, गल्लीला चार-पाच धरा. रेडिओत सांगितलं म्हणे, तिकडं बांगलादेशात फौजेनं सरकार उलथून टाकायचा घाट घातला, एकानं घातला तो दुसऱ्यानं मोडला, कोण कुणाचं ते कुणालाच कळेना. ह्या सालात तिथं असं आधी एकदा झालंच होतं.

दिवसभर गावात तेच. पिठाच्या गिरणीवर म्हणत होते, फौजेचं राज्य आलं तर माप खरं मिळंल. आडावर मनुबाई म्हणाली, लय बरं व्हईल, बाप्यांना कवायतीत पानी भराय लावतील. मी म्हटलं, बाई, आमच्यांनी अठ्ठावीस वर्षं कवायत केली, पण स्वतःचं धोतर कुठल्या दांडीवर आहे ते त्यांना अजून सापडत नाही. सगळ्या हसल्या. कट्ट्यावर आकाराम म्हणजे पलटणीतला बिगुलवाला, त्यानं विचारलं म्हणे, आपल्याकडं का न्हाई व्हत रं असं? तर ह्यांनी त्याला झापलं. म्हणाले, "फौज सरकारचं ऐकती. ऐकायचं सोडलं की ती फौज ऱ्हात न्हाई, टोळी व्हती."

ह्यांच्या हाताखालची दोन पोरं चार वर्षांमागच्या बांगलादेशच्या लढाईत तिकडच्या चिखलात राहिली, एक विट्याकडचा, एक आपल्या शेजारच्या वाडीचा. त्यांच्या आयांना पत्रं ह्यांनीच लिहिली होती. आज संध्याकाळी म्हणाले, काय लिवलं व्हतं मी, आठवंना. मला वाटलं पोट बिघडलंय, दिवाळीचं तेलकट. ओवा दिला.

रविवार

हे सकाळी नानासोंकडं गेले होते, आमच्या गल्लीचं गटार तुंबलंय ते सांगायला. तास झाला तरी आले नाहीत. मग शेजारच्या साळूबाईनं सांगितलं, सुभेदार अंगणातच हुभं हायती, नानासो आत जेवत्याती. जेवण झाल्यावर बाहेर येऊन नानासो हसून म्हणाले म्हणे, सुभेदार, पलटन मागं ऱ्हायली आता, नातू खेळवा.

घरी आल्यावर नातू खेळवलाच की. पाळण्याला झोका देत राहिले, पोर कधीच झोपलं होतं तरी. मग पेटी उघडून पदकं काढली आणि चिंच लावून घासत बसले. मला लय आनंद झाला. दिवाळीत मी सगळी भांडी घासली, पदकं राहिली होती, आणि ह्यांनी आपणहून काम काढलं असं तीन वर्षांत पहिल्यांदा झालं. पुढ्यात बसून बघत राहिले. पितळेवर ऊन पडलं की छतावर कवडसे नाचतात. बघता बघता मला तिथंच डुलकी लागली, आणि मी सोळा वर्षांची होते आणि स्टँडवर हे गाडीत चढत होते.

सोमवार

काय लिहू आणि काय नको. आज आमच्यांनी राज्य घेतलं.

उजाडता उजाडता आकारामनं बिगूल वाजवला. गाई दावी तोडून पळाल्या. मला वाटलं सिद्धू आला. बाहेर बघते तर बावीसच्या बावीस पेन्शनर, कुणी सदऱ्यावर, कुणी बंडीवर पदकं लावून, रांगेत. पोटं पुढं आलेली, एकाचा पटका सुटलेला, पण पाऊल एकसारखं. आणि पुढं हे. खोटं कशाला बोलू, असं चालताना मी त्यांना कधी पाहिलंच नव्हतं. पलटणीत चालत असतील तेव्हा मी हिकडं शेण काढत होते. पदर तोंडाला लावून बघतच राहिले.

पंचायतीच्या कचेरीत ग्रामसेवक एकटाच चहा पीत होता. ह्यांनी त्याला सांगितलं, आजपासनं पंचायत बरखास्त, गावाचा कारभार आमच्याकडं. तो बिचारा लगेच उठला आणि किल्ल्या टेबलावर ठेवून चालाय लागला. तर ह्यांनीच त्याला अडवलं. म्हणाले, असं कसं, चार्ज द्या आधी. पलटणीत म्हणे एक जातो, दुसरा येतो तेव्हा सगळ्या वस्तूंची यादी होते, देणारा सही करतो, घेणारा सही करतो, त्याशिवाय सुईसुद्धा हलत नाही. मग ग्रामसेवकाला बसवून यादी केली. टेबल एक, पाय हलतो. खुर्च्या तीन, पैकी गादीची एक. कंदील दोन. घड्याळ एक, बंद. दप्तरं, शिक्का, शाईची डबी वाळलेली. सगळ्यात खाली ह्यांनी आपल्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं, वरीलप्रमाणे गावाचा चार्ज घेतला, आणि हुद्द्यासकट सही ठोकली.

देणारा कोण, असा प्रश्न आला. ग्रामसेवक म्हणाला, मी नोकरमाणूस, मला द्यायचा अधिकार नाही, सभासद पाहिजे. नानासो कारखान्यावर, बाकीचे पाच सभासद बिगूल ऐकून रानात. मग मला बोलावणं आलं. सगळ्या बाप्यांच्या देखत मी कचेरीत गेले आणि सही केली. रंगूबाईतला रं जरा मोठा आला. आकाराम म्हणाला, काकी, आता तुमीबी बडतर्फ. मी म्हटलं, असू दे रं.

मंगळवार

सकाळी हजेरी झाली. घरटी एक माणूस खराटा घेऊन. दहापर्यंत गाव असं लख्ख, जसं काय लग्न आहे. आमचं गटार मोकळं झालं. आणि दुपारी सगळे पेन्शनर नदीवर गेले आणि दगड रचायला लागले. कुणी मला विचारलं नाही, मी कुणाला सांगितलं नव्हतं. संध्याकाळी पाणवठ्यावर छातीइतकी भिंत उभी. तीन वर्षांत मीटिंगला झालं नाही ते एका दुपारी. बायका भिंतीला हात लावून बघत होत्या, म्हशीची पाठ चोळावी तशा. मनुबाईनं भिंतीआड उभी राहून नुसतंच, कपडे न भिजवता, पदर उतरवून केस सोडले आणि बसून राहिली. म्हणाली, वारं लागतंय पाठीला.

गिरणीवर, आडावर, सगळीकडं एकच बोलणं, सुभेदारांचं राज्य असंच राहावं. हे घरी आले तर हाताला दगडाचे ओरखडे. मी हळद लावली. भाकऱ्या चार खाल्ल्या. म्हणाले, "भिंतीचं नीट झालं न्हवं?" मी हूं म्हटलं. आज माझी पाळी.

बुधवार

लिहावंसं वाटत नाही, पण लिहिते.

गल्लीतनं मेंढरं न्यायची नाहीत असा कालचा हुकूम होता, लेंड्या पडतात म्हणून. वस्तीवरचा धुळा धनगर, साठीच्या पुढचा, आज नेहमीसारखा मेंढरं घेऊन आला. त्याचा बाप ह्याच वाटेनं आणायचा, त्याचा आजा आणायचा. त्याला थांबवलं तर म्हणाला, मेंढरांना हुकूम वाचता येत न्हाई, मलाबी न्हाई. कुणी तरी हसलं. ते हसणं आकारामला झोंबलं. पलटणीतली शिक्षा लावली. वाळूचं पोतं धुळाच्या पाठीवर देऊन देवळाला फेऱ्या. तिसऱ्या फेरीला म्हातारा पडला. पायाला सूज आली.

हे तिथंच खुर्चीत बसले होते. सांगितलं आकारामनं, पण थांबवलं नाही ह्यांनी.

गावात आज कुणी मोठ्यानं बोललं नाही. आडावरही नाही. भिंतीआड बायका गेल्या आणि पटकन परत आल्या. मी धुळाकडं हळद आणि तेल घेऊन गेले. त्याच्या बायकोनं वाटी घेतली, पण ये म्हणाली नाही. रात्रीची वाट न बघता, दिवे लागायच्या आधीच मी ह्यांना म्हटलं, "आवं, नानासोला धुळानं मत दिलं व्हतं. कसला का असंना. तुमाला कुणी दिलं?"

गुरुवार

जीप आली. तालुक्याचे फौजदार, दोन शिपाई, आणि मागच्या सीटवर नानासो. ग्रामसेवकानं परवाच तालुक्याला कळवलं होतं म्हणे. चांगलं केलं की वाईट, देव जाणे, त्यालाही पोरंबाळं आहेत.

मारुतीपुढं सगळं गाव जमलं. फौजदार तरुण, घाईचे. चहा सुद्धा उभ्यानं घेतला. त्यांना चार्जाची यादी दाखवली, तर ते वाचून आधी हसले. म्हणाले, दरोडेखोरानं पावती दिलेली आजच बघतोय. मग हसायचे थांबले. म्हणाले, दिवस कसले चाललेत तुम्हाला ठाऊक आहे का सुभेदार, आणीबाणी आहे, आणि तुम्ही गावाचा चार्ज घेतला म्हणून सहीनिशी लिहून देताय, ह्या दिवसांत आत गेलेल्याला कोर्टाची तारीखसुद्धा पडत नाही. मला वाटलं, तारखा पडत नाहीत म्हणजे बरंच, खेटे वाचतील. मी तसं नानासोंना म्हटलं. नानासो माझ्याकडं वाकले. मग अगदी हळू, दातात काडी धरल्यासारखे म्हणाले, वयनी, न्हेलं तर वरीसवरीस त्वांड दिसायचं न्हाई. पेन्शन जाईल. सिद्धूच्या नोकरीवर येईल.

वर्षवर्ष म्हटल्यावर मला कळलं. ते मला कळतं.

फौजदारांनी विचारलं, कुणाची तक्रार? सगळ्यांच्या माना धुळाकडं. तो काठी टेकून खाली बसला होता. तो बोलायच्या आत हे उठले, ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "सायेब, तक्रार ह्येची हाय. म्हाताऱ्या मानसाला माझ्या राज्यात पोतं देऊन पळवलं. मी बघत बसलो. लिवून घ्या."

धुळानं काठी बाजूला ठेवली. मग म्हणाला, "लिवू नका सायेब. माझा पाय सुजलाय, मेंढरं उपाशी हायती. ह्येला तुमी न्हेलं तर मेंढरामागं कोन जानार? सुभेदारच जाईल. पाय बरा हुस्तवर."

लोक हसले नाहीत. फौजदारांनी कपाळ पुसलं. मग यादीवरच्या दुसऱ्या सहीवर बोट ठेवून विचारलं, ही रंगूबाई कोण? मी पुढं झाले. म्हणाले, बाई, सरळ सांगा. कचेरी ह्यांनी जबरदस्तीनं घेतली, का तुम्ही आपणहून दिली?

मी विचार केला. माझा हात कुणी धरला नव्हता. त्यांचं चालणं बघून मीच भुलले होते, तर तो गुन्हा त्यांचा कसा. म्हटलं, "मी दिली. दिवाळीची साफसफाई व्हायची व्हती, ती करायला दिली. भित बी बांधायची व्हती."

फौजदारांनी कागदावरून मान वर केली, सुटल्यासारखे दिसले. पण नानासो म्हणाले, वयनी, सरपंचाला न इचारता कचेरी दिली म्हंजे सभासद म्हनून ऱ्हाता येनार न्हाई. म्हटलं, नका ठेवू. तिथंच मला कागद दिला. राजीनाम्याच्या तीन ओळी लिहिल्या. नानासोंनी दोन चुका काढल्या, त्या दुरुस्त केल्या, सही केली. ह्या वेळी रं नीट आला.

ह्यांना लिहून द्यावं लागलं की पुन्हा असं करणार नाही, आणि सहा महिने दर सोमवारी तालुक्याला ठाण्यावर जाऊन हजेरीची सही करायची. किल्ल्या नानासोंनी घेतल्या. मोजून घ्या, हे म्हणत होते, पण नानासो मोजायला थांबले नाहीत.

घरी आल्यावर हे उंबऱ्यावर बसले. म्हणाले, "सभासदपन कशाला घालवलंस?"

मी पोराची लंगोटी वाळत घालत होते. म्हटलं, "पलटनीत व्हतासा तवा पत्ता तरी व्हता. हितनं न्हेलं असतं तर पत्र कुटं घालू?"

रविवार

तुळशीचं लग्न आज लावलं. अंबूनं पोराला मांडीवर घेऊन अंतरपाट धरला, म्हणजे एक टोक पोराच्या मुठीत. अक्षता त्याच्या डोक्यावरच जास्त पडल्या.

हे तीन दिवस मेंढरामागं आहेत. पहिल्या दिवशी मेंढरांना हुकूम दिले. मेंढरं चौफेर पांगली, एक कोकरू नदीत. धुळा बांधावर बसून बघत होता, पाय पसरून. दुसऱ्या दिवशी त्यानं ह्यांना जिभेनं टक टक करायला शिकवलं. आज मी भाकरी घेऊन गेले तर ऊस तुटून गेलेल्या रानात धुकं अजून होतं, आणि त्यात मेंढरं म्हणजे धुक्याचेच गोळे, हलणारे. हे मधोमध, खांद्यावर घोंगडं, डोक्यावर धुळाचं मुंडासं. मी ओळखलंच नाही. वाटलं हे दुसऱ्या कुणाचा तरी नवरा आहेत, आणि मला उगीच लाज वाटली. दोघं म्हातारे जेवताना त्या चिखलात राहिलेल्या दोन पोरांबद्दल बोलत होते. धुळा विचारत होता, त्यांची नावं काय, ती कुणासारखी दिसायची. हे सांगत होते. मला कधी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं, मी आपली ओवा देत राहिले.

नदीवरची भिंत नानासो पाडतील असं गावात म्हणत होते. आज कळलं, पाडणार नाहीत, उद्घाटन करणार आहेत. त्यांच्या नावाचा दगड बसणार. मनुबाई म्हणाली, बसू द्या, आपुन त्या दगडावर लुगडी वाळत घालू.

रेडिओ कट्ट्यावर आता हळू लावतात. बिगूल आकारामनं माळ्यावर टाकला. धुळाच्या दारात मेंढरांना पोतंभर पेंड कुणी तरी टाकून गेलं, कुणी ते आकाराम सांगत नाही.

सोमवार

आज पहिली हजेरी. मी पहाटे उठून सदऱ्याला तांब्यानं इस्त्री केली, विस्तव घालून. पदकं लावू का विचारलं, नको म्हणाले. भाकरी बांधून दिली. सकाळच्या एस्टीनं गेले. मी स्टँडपर्यंत गेले. मान खाली घालून खिडकीत बसले होते, आणि गाडीत आमच्या गावचे चार जण होते ते दुसरीकडं बघत होते. ह्यांना वाईट वाटत असावं. मला वाटत नव्हतं, ते मी कुणाला सांगितलं नाही.

गाडी उसाच्या वळणाआड गेली. मी नेहमीसारखी धूळ खाली बसेपर्यंत उभी राहिले. मग घरी आले, पोराला अंघोळ घातली, शेंगा फोडल्या, जरा पडले, स्वप्न पडलं नाही. तीनलाच परत स्टँडवर जाऊन बसले. अंबू म्हणाली, गाडी चारला येती, आत्ताच कुटं. म्हटलं, असू दे.

चारला गाडी आली. आधी एक कोंबड्यांची पाटी उतरली, मग एक बाई, मग हे. अठ्ठावीस वर्षांत हे गेलेल्या दिवशीच कधी परत आले नव्हते. मला हसू आवरेना. ह्यांनी विचारलं, हसाय काय झालं?

म्हटलं, काय न्हाई. आलासा.

सहा महिन्यांत असे सव्वीस सोमवार येतात. मी बोटांवर मोजले.